गोळ्यांचा डबा नंतर आणा, आधी ड्रॉवरमधली पाकिटे नीट पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६८ वर्षांचे असून आईसह सदाशिव पेठेत राहतात आणि तुम्ही नोकरीमुळे वाकडला असता. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला गेला आणि घरी सोडताना सात प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या. गेल्या आठवड्यात आईला त्यांच्या ड्रॉवरमध्ये न उघडलेली बरीच पाकिटे सापडली. विचारल्यावर ‘मला आता काही होत नाही’ एवढेच ते म्हणाले आणि विषय संपला. आठवण करून देणारे कोणते ॲप किंवा कोणता डबा चांगला, आणि त्यानेही भागले नाही तर गोळ्या कुटून आमटीत घालाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

मी कोथरूडमध्ये २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत हृदयविकाराच्या रुग्णांची संख्या मोठी आहे. तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत. हृदयाची पंपिंग क्षमता किती राहिली आहे, मधुमेह आहे का, मूत्रपिंडे कशी आहेत, पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता का, यांवर पुष्कळ अवलंबून असते. त्यामुळे कोणती गोळी ठेवायची आणि कोणती बदलायची हे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. ही भेट होईपर्यंत आणि तिच्यानंतर घरात काय करता येईल, तेवढे मी सांगतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. गोळ्या आमटीत घालू नयेत. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या पोटात सावकाश, दिवसभर विरघळत राहतील अशा बनवलेल्या असतात. नाडी मंद ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलच्या किंवा छातीतले दुखणे कमी करणाऱ्या नायट्रेटच्या अनेक गोळ्या तशा असतात. त्या कुटल्या की दिवसभराचा अंश एकदम रक्तात उतरतो आणि नाडी किंवा रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येऊ शकतो. शिवाय ही गोष्ट कधी ना कधी उघडकीला येते, आणि मग गोळ्या तर राहतातच, पण बायकोच्या हातची आमटीही संशयाने खाल्ली जाते. अशी एक जोडी मी पाहिली आहे. त्या घरात पुढे दोन वर्षे वडील स्वतःचे ताट स्वतः वाढून घेत असत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तुम्ही विसरण्यावरचा उपाय विचारत आहात, पण तुम्ही लिहिलेले वर्णन विसरण्याचे वाटत नाही. जो माणूस विसरतो, त्याच्याकडे अर्धवट वापरलेली पाकिटे सापडतात. सोमवारची गोळी घेतलेली असते, मंगळवारची राहिलेली असते आणि सगळा पसारा टेबलावर समोरच पडलेला असतो. न उघडलेली पाकिटे ड्रॉवरमध्ये नीट ठेवणाऱ्या माणसाने बहुधा काहीतरी ठरवलेले असते. त्याचा निर्णय चुकीचा असेल, पण तो निर्णय आहे, आणि निर्णयावर गजराचा इलाज चालत नाही. अशा माणसाच्या फोनवर ॲप वाजू लागले की तो फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो.

यालाही एक अपवाद आहे, आणि तो मी इतक्या वेळा पाहिला आहे की तुमच्या वडिलांवर कोणताही आरोप करण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. रुग्णालयातून मिळालेल्या पाकिटांवर एक ब्रँडचे नाव असते, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्यांवर दुसरे आणि जनऔषधी केंद्रातून आणलेल्यांवर फक्त मूळ औषधाचे नाव. तिन्हींत औषध एकच असते. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे तक्रार घेऊन आले की दात घासताना रक्त येते आणि अंगावर काळे-निळे डाग उठतात. त्यांची पिशवी उघडली तेव्हा ते क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारे औषध दोन वेगवेगळ्या नावांनी रोज दोनदा घेत असल्याचे दिसले. त्यांच्या शेजारच्या एका बाईंनी मात्र हाच प्रकार वेळीच ओळखला होता आणि जास्तीची पाकिटे बाजूला काढून ठेवली होती. त्यांच्या घरी गेलेल्या मुलाला वाटले की आई औषध घेतच नाही. तेव्हा पाकिटांवरचे ब्रँडचे नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचा आणि डिस्चार्जच्या कागदाशी पडताळून पाहा. दुकानदाराने दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून दिल्या असतील तर कधी कधी नाव आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते. असे बेनाव तुकडे बाजूला काढा आणि पुढच्या वेळी पूर्ण पाकीटच मागा.

ही पडताळणी आजच करा. त्याचे कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हे आहे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते आणि रक्तवाहिनीचे आतले अस्तर तिच्यावर चढायला काही महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका राहतो आणि ती झाली तर स्टेंट अचानक पूर्ण बंद होऊन पुन्हा मोठा झटका येतो. म्हणून झटक्यानंतर साधारणपणे १२ महिने दोन गोळ्या एकत्र दिल्या जातात. एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात, त्यामुळे एखादी गोळी त्यांनीच बंद केलेली नाही ना, हे फाइलमध्ये पाहा. तुमच्या वडिलांचे आठच महिने झाले आहेत. ड्रॉवरमध्ये या दोहोंपैकी एकाची पाकिटे असतील आणि ती बंद करण्याची सूचना फाइलमध्ये नसेल, तर माझे उर्वरित उत्तर वाचण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा.

फोनवर त्यांना खरे सांगा. हे वाक्य सोपे दिसते, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. माझ्याकडे पूर्वी येणाऱ्या एका गृहस्थांचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. मी एका भेटीत मात्रा वाढवली, पुढच्या भेटीत दुसरी गोळी जोडली, आणखी दोन महिन्यांनी तिसरी. पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ते एका रुग्णालयात दाखल झाले, तिथल्या परिचारिकेने माझ्या चिठ्ठीप्रमाणे तिन्ही गोळ्या वेळच्या वेळी दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराकडे जाताना ते कोसळले. वरचा रक्तदाब ८० वर आला होता. घरी ते तिन्हींपैकी एकही गोळी नियमित घेत नव्हते. त्यांनी मला सांगितले नाही हे खरे, पण मीही त्यांना कधी विचारले नव्हते. मी ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे म्हणत असे आणि ते ‘हो’ म्हणत असत.

म्हणून सापडलेली सगळी पाकिटे उद्या सकाळपासून एकदम सुरू करू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल तातडीने विचारायचे आहे हे वर सांगितलेच. पण रक्तदाबाच्या आणि नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या काही आठवडे बंद असतील तर डॉक्टर त्या कदाचित कमी मात्रेपासून पुन्हा चढवतील. याच्या उलट, मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी जर ते घेत असतील तर ती एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते, कारण त्यामुळे छातीतले दुखणे उसळू शकते. कोणती गोळी किती दिवसांपासून बंद आहे, एवढी एका कागदावरची नोंद डॉक्टरांसाठी कोणत्याही रक्ततपासणीइतकी उपयोगाची असते.

आता वडिलांनी असे का ठरवले असेल, याकडे येतो. दीर्घकाळच्या आजारांत औषध लिहून दिल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्मेच असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात नोंदवले होते. म्हणजे तुमचे वडील जगावेगळे वागत नाहीत. मात्र ‘औषधे घेत नाहीत’ असे एकगठ्ठा म्हणू नका. माझा अनुभव असा आहे की सातही गोळ्या सोडणारा रुग्ण विरळा. माणूस एखादी किंवा दोन गोळ्या सोडतो आणि त्या प्रत्येक गोळीमागे त्याचे वेगळे कारण असते. ते कारण बहुधा त्या गोळीच्या गुणधर्मातच दडलेले असते.

रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीने काही जणांना कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला येतो. रुग्णाला वाटते की हवा बदलली, पुण्याची धूळ वाढली. तो आले घालून काढा पितो, छातीचा एक्स-रे काढतो आणि अखेर एक दिवस गोळी राहते तेव्हा खोकला कमी होतो हे त्याच्या लक्षात येते. तो गोळी सोडतो, पण डॉक्टरांना सांगत नाही. त्याने सांगितले असते तर टेल्मिसार्टनसारखी, तोच उपयोग असलेली पण खोकला न आणणारी गोळी एका मिनिटात बदलून मिळाली असती. टिकाग्रेलॉरने काही जणांना बसल्या जागी दम लागल्यासारखे वाटते. हा दम बहुतेकदा निरुपद्रवी असतो, पण नुकताच झटका येऊन गेलेल्या माणसाला तो निरुपद्रवी वाटेल कसा? ॲस्पिरिनने पोटात जळजळ होते. लघवी वाढवणारी गोळी घेतली की दोन-तीन तास स्वच्छतागृहाजवळ राहावे लागते आणि लक्ष्मी रस्त्यावर किंवा पीएमपीच्या बसमध्ये ते शक्य नसते. म्हणून जे गृहस्थ रोज बाहेर पडतात, ते ही गोळी रोजच टाळतात. त्यांना ‘ही गोळी बाहेरून आल्यावर घेतली तर चालेल का?’ असे डॉक्टरांना विचारायला सांगितले, तर उत्तर पुष्कळदा ‘चालेल’ असे येते.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी, म्हणजे स्टॅटिनविषयी, थोडे अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त सोडली जाते ती हीच. एक कारण म्हणजे रिपोर्ट. कोलेस्टेरॉल आटोक्यात आल्याचे दिसले की ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद होते. पण तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो आणि गोळी थांबल्यावर काही आठवड्यांत पुन्हा वर चढतो. शिवाय झटक्यानंतर ही गोळी केवळ आकड्यासाठी नसते. रक्तवाहिनीतला जुना थर फुटू नये, स्थिर राहावा, हेही तिचे काम असते. दुसरे कारण म्हणजे मोबाइलवर फिरणारे निरोप, ज्यांत या गोळीने यकृत जाते, स्मरणशक्ती जाते, स्नायू झिजतात असे लिहिलेले असते. स्नायूंचा खरा त्रास काही थोड्या जणांना होतो आणि तेव्हा मात्रा कमी करता येते किंवा गोळी बदलता येते. पण भीतीचा वाटा किती मोठा असतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन नावाच्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे ठेवले गेले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही नोंदला गेला. त्रास खोटा नव्हता. तो खरोखरच होत होता, पण त्यातला बहुतेक औषधाने आलेला नव्हता. स्वतःचेच आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे वडिलांना सांगून मात्र यांतले काहीही साधणार नाही.

आणखी एक कारण आहे, जे मुलांना कधीच कळत नाही. झटक्यानंतर आणि काही गोळ्यांमुळे पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम झाल्यासारखे वाटते. ६८ व्या वर्षी हा प्रश्न नसतो, असे फक्त मुलांनाच वाटते. रुग्ण ती गोळी गुपचूप सोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुकानातून सिल्डेनाफिल आणून घेतो, आणि नायट्रेटच्या गोळीबरोबर ते घेतले गेले तर रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत पडू शकतो. यावर तुम्ही काही विचारू नका. डॉक्टरांच्या भेटीत दहा मिनिटे आईसह बाहेर येऊन बसा आणि वडिलांना एकटे बोलू द्या, एवढेच पुरे. ही दहा मिनिटे मी आता प्रत्येक रुग्णासाठी राखून ठेवतो.

मन खचणे हेही कारण असू शकते. झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला औदासीन्य गाठते, आणि आपल्याकडे ते ‘गप्प झाले आहेत’ किंवा ‘चिडचिडे झाले आहेत’ एवढ्यावर सोडून दिले जाते. वडिलांनी सकाळचे सारसबागेतले फिरणे, वर्तमानपत्र, मित्रांचा कट्टा हेही सोडले असेल, तर गोळ्यांच्या आधी याविषयी डॉक्टरांशी बोला. मोतीबिंदूमुळे पाकिटावरची अक्षरे दिसत नसतील किंवा स्मरणशक्तीच मंदावू लागली असेल, तर गोष्ट आणखी वेगळी होते.

आतापर्यंतचे पुन्हा एकदा सांगतो: पाकिटे ओळखून कागदाशी जुळवायची, रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद असेल तर आजच फोन करायचा, बाकीच्या मनाने सुरू करायच्या नाहीत, आणि कोणती गोळी का सोडली हे शोधायचे. हे शेवटचे काम कसे करायचे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, त्याला मुलाने किंवा मुलीने ‘बाबा, गोळ्या घेतल्या का?’ असे विचारले की त्याला हजेरी घेतल्यासारखे वाटते, आणि हजेरीला ‘हो’ असेच उत्तर मिळते. मी रुग्णांना विचारतो ते असे: ‘इतक्या गोळ्या म्हटल्या की एखादी राहतेच, गेल्या आठवड्यात किती राहिल्या असतील?’ राहणे साहजिक आहे हे आधीच मान्य केल्यामुळे आकडा सांगणे सोपे जाते. नंतर गोळ्या समोर मांडून विचारतो, ‘यांतली तुम्हाला सर्वांत नकोशी कोणती?’ इथे गप्प राहायचे. मला हे शिकायला बरीच वर्षे लागली. डॉक्टरला शांतता सोसवत नाही आणि तो लगेच समजावू लागतो. रुग्ण एखाद्या गोळीवर बोट ठेवतो आणि मग कारण आपोआप बाहेर येते. तुम्ही हा प्रश्न रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, आई स्वयंपाकघरात असताना विचारा. आईसमोर विचारलात तर ते उत्तर तुम्हाला न देता आईला देतील, आणि त्यात गेल्या आठ महिन्यांचे मीठ, तूप, फिरायला जाणे हे सगळे भांडण येऊन मिसळेल.

यानंतर डॉक्टरांची भेट ठरवा आणि घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे गुडघेदुखीची, पित्ताची, वैद्यांचे चूर्ण, अर्जुनारिष्ट, शेजाऱ्यांनी दिलेली ‘ब्लॉकेज विरघळवणारी’ बाटली, हे सगळे. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा मी मुद्दाम उल्लेख करतो, कारण डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साठते आणि ॲस्पिरिनबरोबर घेतल्यास पोटातल्या रक्तस्रावाची शक्यता वाढते. आणि या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. अर्जुनारिष्ट घेणाऱ्यांना मी रागावत नाही. त्याच्या भरवशावर दुसरी गोळी सोडली आहे का, एवढेच विचारतो.

या भेटीत गोळ्यांची संख्या आणि वेळा कमी होतील का, हे आवर्जून विचारा. सात गोळ्या चार वेळा घेण्यापेक्षा चार गोळ्या दोन वेळा घेणे किती तरी सोपे असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये आपल्याकडे मिळतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सिक्युअर या युरोपीय अभ्यासात झटका येऊन गेलेल्या सुमारे २,५०० रुग्णांपैकी निम्म्यांना ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच गोळीत दिले गेले; वेगवेगळी औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात हृदयरोगाच्या गंभीर घटना साधारण एक-चतुर्थांशाने कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्र गोळ्यांना २०२३ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यांत एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. १२ महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टर क्लोपिडोग्रेल बंद करतात तेव्हा एकत्र कॅप्सूलही बदलावी लागते. ती न बदलल्यामुळे तीन-तीन वर्षे दोन्ही गोळ्या विनाकारण घेणारे रुग्ण मला भेटतात, आणि कॅप्सूल पूर्ण थांबवल्यामुळे ॲस्पिरिन व स्टॅटिनही गमावून बसलेले रुग्णही भेटतात. तुमच्याकडे तो दिवस चार महिन्यांवर आला आहे; तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

वेळेबद्दलही मोकळेपणाने विचारा. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यावे लागते असे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेतल्याने अधिक फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर तपासले गेले आणि २०२२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सकाळ व रात्र यांत फरक आढळला नाही. जे वडील रात्री साडेनऊला बातम्या पाहता पाहता आरामखुर्चीत झोपून जातात, त्यांच्या रात्रीच्या गोळ्या सकाळी आणता आल्या तर प्रश्न जागेवरच सुटतो.

खर्चाचा विषय घरात निघत नाही, म्हणून तो तुम्ही काढा. रुग्णालयाचा खर्च विम्यातून किंवा शासकीय योजनेतून भागला, तरी महिन्याच्या गोळ्या बहुधा निवृत्तिवेतनातूनच येतात, आणि वडील मुलांना ‘पैसे पुरत नाहीत’ असे न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात. जनऔषधी केंद्रातल्या मूळ नावाच्या गोळ्या पुष्कळ स्वस्त पडतात. मात्र पैसा हे एकमेव कारण समजू नका. अमेरिकेत झटक्यानंतरच्या रुग्णांना औषधे पूर्ण मोफत दिली गेली, तेव्हा ती नियमित घेण्याचे प्रमाण फक्त चार ते सहा टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले होते.

हे सगळे झाल्यावर तुमचा डबा आणा. आठवड्याचे सात आणि दिवसाचे दोन-तीन कप्पे असलेला साधा प्लास्टिकचा डबा पुरतो. रविवारी तो वडिलांनीच भरावा आणि तुम्ही समोर बसावे, कारण स्वतः भरलेल्या डब्यावर माणसाची मालकी राहते. डाबिगॅट्रान हे रक्त पातळ ठेवणारे औषध असेल तर ती कॅप्सूल मात्र पाकिटातून आधी काढून ठेवायची नसते, कारण ओलाव्याने ती खराब होते. डब्याची जागा रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाशेजारी हवी. माझ्या एका रुग्णाने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. पूजा चुकत नाही, म्हणून गोळीही चुकत नाही. एखादी गोळी राहिलीच, तर आठवण येताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि दुप्पट गोळ्या कधीही घेऊ नयेत.

उपासांचाही विचार आधीच करून ठेवा. पुण्यातल्या जुन्या घरांत संकष्टी, एकादशी आणि नवरात्र धरले तर महिन्यातले बरेच दिवस ‘जेवणानंतर’ हा शब्द निरर्थक होतो, आणि जेवण नाही म्हणून गोळी नाही असा सरळ अर्थ काढला जातो. साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ हे गोळीसाठी जेवणच आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. औषधाच्या गोळीने उपास मोडत नाही, हे बहुतेक आजी-आजोबांनाही मान्य असते. मधुमेहाच्या गोळ्यांचा नियम मात्र वेगळा आहे. उपासाच्या दिवशी त्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्या दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्या.

दात काढायचा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची म्हणून कोणी ‘रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद करा’ असे सांगितले, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. या दोन्ही गोष्टी पुष्कळदा गोळी चालू ठेवूनही करता येतात. आणि छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असे काही झाले तर गोळ्या राहिल्या होत्या की नव्हत्या याची चर्चा त्या वेळी करू नका. १०८ ला फोन करा.

आता महिनाभराने काय पाहायचे ते सांगतो. एखाद्या महिन्याच्या एक तारखेला एका औषधाच्या ३० गोळ्या आणल्या असतील आणि ती दिवसातून एकदा घ्यायची असेल, तर २० तारखेच्या रात्री पाकिटांत आणि डब्यात मिळून १० उरायला हव्यात. एक-दोन जास्त उरल्या तर त्याबद्दल काही बोलू नका. त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या असतील तरच डॉक्टरांच्या कानावर घाला. सहा-सात जास्त उरल्या, तर पुन्हा रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, त्या गोळ्या मांडून तोच प्रश्न विचारा, आणि या वेळी आधीपेक्षा थोडे जास्त थांबा.